काय? किती? कशाबरोबर?
(शेती व आरोग्य : रसायनशास्त्राचा पहिला धडा)



'केमिकल' हा शब्द आता आपल्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी बसला आहे. गंमत अशी की, तो दोन उलट अर्थांनी वापरला जातो. बाजारातला पिवळाधमक गूळ पाहिला की आपण नाक मुरडून म्हणतो, "यात केमिकल आहे." आणि उसावर लोकरी मावा दिसला की तोच माणूस दुकानदाराला सांगतो, "चांगलं कडक केमिकल द्या." एका जागी भीती, तर दुसऱ्या जागी आंधळा भरवसा. दोन्हींचे मूळ एकच आहे. हातातली वस्तू मुळात काय आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

वास्तविक पाहता पाणी हेही रसायनच आहे. मीठ रसायन आहे, चुना रसायन आहे, गोठ्यातले शेण आणि आपले स्वतःचे शरीर हीही रसायनांचीच रचना आहे. तेव्हा 'रसायन आहे की नाही' हा प्रश्नच खरा नव्हे. खरे प्रश्न तीन : ही वस्तू काय आहे? ती किती घ्यायची? आणि ती कशाबरोबर मिसळली असता काय होते? शाळेत रसायनशास्त्राची जी पहिली प्रकरणे शिकवतात, ती या तीन प्रश्नांतच बसतात. ज्यांची शाळा लवकर सुटली त्यांच्यासाठी, आणि ज्यांना शाळेतले आता आठवत नाही त्यांच्यासाठीही, आम्ही आज हा धडा आपल्या शेतातल्या आणि घरातल्या वस्तू घेऊनच मांडणार आहोत.

१. पहिला प्रश्न : काय?

जगातील सर्व पदार्थ थोड्याशा मूळ पदार्थांपासून झालेले आहेत. यांस मूलद्रव्ये म्हणतात. लोखंड, तांबे, गंधक, जस्त, कर्ब, प्राणवायू ही मूलद्रव्ये होत. रशियाच्या मेंडेलेव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्यांचा प्रसिद्ध तक्ता मांडला, तेव्हा साठहून अधिक मूलद्रव्ये ठाऊक होती. आज ११८ ठाऊक आहेत. पिकाला मात्र त्यांतील अवघी १७ लागतात. त्यांतील नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन आपण खताच्या पोत्यावर रोज पाहतो.

मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणू. दोन किंवा अधिक अणू एकत्र जोडले गेले की रेणू होतो. वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू ठराविक प्रमाणात जोडले जाऊन जो नवा पदार्थ होतो, ते संयुग. पाणी हे संयुग आहे. ९ किलो पाण्यात १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो प्राणवायू असतो. मग ते पाणी वेदगंगेचे असो, विहिरीचे असो की आभाळातून पडलेले असो. हे प्रमाण कधी बदलत नाही. याउलट माती, दूध, हवा ही मिश्रणे आहेत. त्यांत अनेक पदार्थ शेजारी शेजारी नांदतात, पण प्रमाण ठरलेले नसते. म्हणून तर एका शेताची माती दुसऱ्यासारखी नसते, आणि शेजाऱ्याने टाकले तेवढेच खत आपणही टाकावे हा हिशेब चुकतो.

येथे आपल्या सीमाभागातील घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. एकाच घरात थोरला मराठी शाळेत शिकलेला आणि धाकटी कन्नड शाळेत जाणारी, असे आपल्याकडे सर्रास आढळते. दोघे अभ्यासाला शेजारी बसले की गोंधळ होतो. मराठी पुस्तकातला 'अणू' कन्नड पुस्तकात 'परमाणु' असतो. आणि कन्नडमधला 'अणु' म्हणजे मराठीतला रेणू! मराठीत 'धातू' म्हणजे सोने, तांबे, लोखंड यांसारखा पदार्थ. कन्नडमध्ये 'धातु' म्हणजे मूलद्रव्य. मराठीत 'लोह' म्हणजे लोखंड. कन्नडमध्ये 'लोह' म्हणजे कोणताही धातू. दोन्ही मुले बरोबरच असतात, फक्त शब्द वेगळे असतात. आईवडिलांनी एवढे ध्यानात ठेवले तर भांडण मिटेल आणि अभ्यास पुढे सरकेल.

हाच गोंधळ माती परीक्षणाच्या पत्रिकेत पैशांचे नुकसान करतो. पत्रिका कन्नडमध्ये मिळते, घरात ती कोणी वाचत नाही आणि ती तुळईला खोचून राहते. म्हणून हे शब्द कापून जवळ ठेवा. 'सारजनक' म्हणजे नत्र. 'रंजक' म्हणजे स्फुरद. 'गंधक' म्हणजे गंधकच. 'सतु' म्हणजे जस्त. 'कब्बिण' म्हणजे लोह. 'सुण्ण' म्हणजे चुना. 'रससार' म्हणजे सामू. 'सावयव इंगाल' म्हणजे सेंद्रिय कर्ब. आपल्या चुलीतला इंगळ आठवा, म्हणजे शब्द विसरणार नाही. केंद्र सरकारच्या २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत अशा १२ गोष्टी तपासून दिलेल्या असतात. जी वाचता येत नाही ती पत्रिका असून नसल्यासारखीच.

आता संयुगाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मूलद्रव्ये जोडली गेली की त्यांचा मूळचा स्वभाव राहत नाही. सोडियम हा मऊ धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधील ईप्र शहराजवळ तो सैनिकांवर सोडण्यात आला होता. पण हे दोन जोडले गेले की आपल्या आमटीतले मीठ तयार होते. म्हणून एखाद्या वस्तूत अमुक मूलद्रव्य आहे एवढ्यावरून ती चांगली की वाईट हे ठरत नाही. ते कोणाशी जोडलेले आहे, हे पाहावे लागते.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करू. पूर्वी विद्वानांस वाटे की सजीवांच्या शरीरात होणारे पदार्थ माणसाला बनवता येणार नाहीत. १८२८ साली जर्मन शास्त्रज्ञ व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला. गाईच्या मूत्रात असतो तो युरिया आणि हा युरिया यांत तिळमात्र फरक नव्हता. तोच आज पोत्यातून येतो. तेव्हा 'गोमूत्रातला युरिया शुद्ध आणि पोत्यातला विषारी' असे म्हणणे बरोबर नाही. पण तेवढ्यावरून शेणखताची गरज संपली असे म्हणणेही तितकेच चूक. पोत्यात फक्त युरिया असतो. शेणखतात नत्र थोडे असले तरी त्याबरोबर कर्ब असतो, जस्त-लोहासारखी सूक्ष्म द्रव्ये असतात आणि मातीतल्या जिवाणूंचे अन्न असते. युरिया पिकाला खाऊ घालतो, शेणखत मातीला.

२. काहीही नाहीसे होत नाही

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक नियम समजून घेऊ, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे. फ्रान्सचे लाव्हाझिए (१७४३–१७९४) यांनी काटेकोर वजने करून दाखवून दिले की, रासायनिक बदलात पदार्थ नवा उत्पन्न होत नाही आणि नाहीसाही होत नाही. तो फक्त रूप पालटतो.

नाताळापूर्वी आपण घराला चुना लावतो. त्या चुन्याचीच कथा पाहा. भट्टीत १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो. उरलेले ४४ किलो कोठे गेले? ते कर्बवायू होऊन हवेत गेले. ५६ आणि ४४ मिळून पुन्हा १०० होतात. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. येथे पाणी चुन्याशी जोडले जाते आणि त्या जोडणीतून उष्णता बाहेर पडते. हाच चुना भिंतीवर लावला की तो हळूहळू हवेतला कर्बवायू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणूनच जुनी चुन्याची भिंत टणक होते. घरी पाहायचे असेल तर चुन्याची वरची स्वच्छ निवळी पेल्यात घ्या आणि तीत नळीने हळू फुंकर घाला. निवळी पांढरी होते. तुमच्या श्वासातल्या कर्बवायूने तिची चुनखडी केली. मुलांनी हा प्रयोग करावा. मात्र निवळी तोंडात ओढली जाऊ नये आणि डोळ्यांत उडू नये, म्हणून मोठे माणूस जवळ असावे.

शेतात या नियमाचा अर्थ फार स्पष्ट आहे. ऊस तोडून गाडी कारखान्याला गेली, म्हणजे तुमच्या जमिनीतले नत्र, स्फुरद, पालाशही त्या गाडीतून गेले. ते परत टाकले नाही तर खाते रिकामे होत जाणार. पाचट पेटवले की त्यातला कर्ब आणि बहुतेक नत्र धुरातून जाते. पालाश बराचसा राखेत उरतो, पण वारा-पाऊस ती राख कोठे नेईल याचा भरवसा नाही. तेच पाचट सरीत कुजवले तर त्यातले बरेचसे शेतातच राहते. गोठ्यात नाकाला झोंबणारा जो वास येतो तो अमोनिया वायू होय. तो वास म्हणजे तुमचे नत्र हवेत चाललेले आहे. गोठ्यात कोरडी माती किंवा पाचटाचा थर घातला तर मूत्र त्यात मुरते आणि नत्राची बचत होते.

३. दुसरा प्रश्न : किती?

जुन्या करारातील ज्ञानग्रंथाने सृष्टीच्या रचनेचा विचार करताना माप, संख्या आणि वजन यांची आठवण दिली आहे. रसायनशास्त्राचा निम्मा भाग हाच आहे. प्रत्येक अणूला ठराविक भार असतो. हायड्रोजनचा १ धरला तर कर्बाचा १२, नत्राचा १४ आणि प्राणवायूचा १६. युरियाच्या एका रेणूत कर्बाचा १, प्राणवायूचा १, नत्राचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. बेरीज करा : १२ + १६ + २८ + ४ = ६०. त्यात नत्र २८. म्हणजे शंभरात सुमारे ४६. पोत्यावरचा ४६ हा आकडा येथून आला. तो कंपनीच्या मर्जीचा नाही, रेणूच्या रचनेचा आहे.

आता हिशेब सोपा झाला. युरियाचे पोते ४५ किलोचे असते. त्यात नत्र सुमारे २०.७ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यावर १८:४६ असे लिहिलेले असते. म्हणजे नत्र ९ किलो आणि स्फुरद २३ किलो. (हा स्फुरदाचा आकडा प्राणवायूशी जोडलेल्या रूपात मोजण्याची रीत आहे; निव्वळ स्फुरद त्यात सुमारे १० किलोच असते. शिफारशीही त्याच रीतीने दिलेल्या असतात, म्हणून हिशेब बिघडत नाही.) चांगल्या शेणखतात नत्र शंभरी अर्धा किलो धरले, तर एका टनात ५ किलो. म्हणजे एका युरियाच्या पोत्याइतके नत्र साधारण चार टन शेणखतात मिळते. पत्रिकेत एकरी किती किलो नत्र हवे ते पाहा, शेणखतातून किती गेले ते वजा करा, आणि उरलेल्याचीच पोती आणा. 'दर एकरी अमुक पोती' ही सवय सोडा. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याने रस्त्यावर बसून आपल्या मालाच्या दराचा हिशेब मागितला होता. ज्याला विकलेल्या मालाचा हिशेब कळतो, त्याला विकत घेतलेल्या पोत्याचाही कळायला हवा.

औषधाच्या बाबतीत तर 'किती' हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. लेबलावर लिटरला २ मि.ली. लिहिले असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मि.ली. होते. ते मापाच्या पेल्याने मोजावे. 'दोन झाकणे' हे माप नव्हे, कारण प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे असते. दुप्पट औषधाने दुप्पट किडी मरत नाहीत. पैसा दुप्पट जातो, पान करपते, मित्रकिडी मरतात आणि फवारणारा आजारी पडतो.

हाच नियम घरातल्या औषधालाही लागू आहे. हगवणीने लहान मूल गळून गेले की आरोग्य केंद्रातले ओआरएसचे पाकीट द्यावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात लहान चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी आत ओढून घेते. नुसते पाणी तितके टिकत नाही. पण मीठ जास्त पडले तर तेच पाणी मुलाला घातक ठरते. वस्तू तीच, फरक फक्त प्रमाणाचा.

४. तिसरा प्रश्न : कशाबरोबर?

लिंबू, चिंच, ताक आंबट लागतात. त्यांत आम्ल असते. चुना, धुण्याचा सोडा, राखेचे पाणी हे त्याच्या उलट स्वभावाचे. त्यांस आम्लारी म्हणतात. घरातली हळद हे दोन ओळखून दाखवते. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घाला, ते लाल होते. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळे होते. हळदीचे डाग साबणाने लाल का पडतात, हे आता ध्यानात येईल. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की एकमेकांचा स्वभाव मारतात आणि क्षार व पाणी होते.

आंबटपणा मोजण्याच्या मापास सामू म्हणतात. ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. यात एका पायरीचा फरक म्हणजे दहापट, आणि दोन पायऱ्यांचा म्हणजे शंभरपट. ६.५ ते ७.५ ही बहुतेक पिकांची आवडती जागा. आपल्या भागात दोन्ही टोके सापडतात. खानापूरकडे पाऊस मोठा. त्याने मातीतला चुना वाहून नेला. लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले. तांबडा रंग हा लोहाच्या गंजाचा. याच डोंगरपट्ट्यातल्या तांबड्या बॉक्साईट दगडातून बेळगावचा हिंदाल्को कारखाना कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने अॅल्युमिना वेगळा काढतो. अशी माती आम्ल असते आणि टाकलेले स्फुरद लोह-अॅल्युमिनियमशी जखडून बसते. तेथे पत्रिकेच्या सल्ल्याने चुना टाकावा लागतो. निपाणी-चिकोडीकडील काळ्या जमिनीत चुना आधीच भरपूर. तेथे स्फुरद चुन्याशी जखडते आणि लोह पिकाला मिळत नाही. ऊस केवडा पडतो तो पुष्कळदा यामुळे. अशा रानात आणखी चुना टाकणे म्हणजे तहानलेल्याला मीठ देण्यासारखे.

कृष्णाकाठी पाण्याच्या अतिरेकाने काही रानांवर पांढरी पापुद्री आली आहे. तेथे दोन रोगांत फरक करावा. नुसती खारवट जमीन असेल तर चर काढून पाण्याचा निचरा केला की विरघळलेले क्षार धुऊन जातात. चोपण जमिनीत मात्र सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. पाणी मुरतच नाही. तेथे जिप्सम लागते. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावर बसतो आणि सोडियमला उठवतो. मग तो पाण्याबरोबर चरातून बाहेर जातो. चर नसेल तर उठलेला सोडियम जाणार कोठे? म्हणून आधी चर, मग जिप्सम. आणि जिप्सम म्हणजे चुना नव्हे. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

मिसळण्याचे आणखी काही नियम पाहा.

चुना आणि नत्राची खते एकत्र टाकू नका. अमोनियम सल्फेट किंवा डीएपी ओल्या चुन्याला भेटले की अमोनिया होऊन नत्र उडून जाते. चुना पेरणीआधी दोन-तीन आठवडे टाकून मातीत मिसळावा.

ठिबकच्या एकाच टाकीत कॅल्शियमचे खत आणि स्फुरदाचे खत घालू नका. दोन्ही जोडून न विरघळणारा साका होतो आणि नळ्या बुजतात.

बोर्डो मिश्रण करताना १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे, तेही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. त्यात लोखंडी पाते क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे, पान जाळील. आणखी चुन्याची निवळी घालावी. मोरचुदातले तांबे लोखंडाने बाहेर काढले, म्हणून तो थर बसतो. मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे.

तंबाखूला पालाश देताना ते क्लोरीनशी जोडलेले (म्युरेट) नसावे, गंधकाशी जोडलेले (सल्फेट) असावे. पालाश दोन्हींत आहे, पण क्लोरीनमुळे पान नीट जळत नाही आणि माल पडतो.

घरात विहिरीची टीसीएल पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र कधीही करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तोच, ईप्रजवळच्या रणांगणावरचा.

५. आपले शरीरही यातच आहे

निपाणी भागातल्या किती घरांची चूल तंबाखूवर पेटली, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून पुढचे शब्द टीकेचे नव्हेत, काळजीचे आहेत. तंबाखूच्या पानात निकोटिन असते. ते पाण्यात विरघळते आणि कातडीतून शरीरात शिरते. पहाटे दव असताना किंवा पावसात उघड्या हातांनी शेंडा खुडला, फुटवे काढले, की संध्याकाळी मळमळ, उलटी, चक्कर आणि डोकेदुखी येते. आपण म्हणतो ऊन लागले, पित्त झाले. वास्तविक हे ओल्या पानाचे विष असू शकते. दव उतरल्यावर काम करावे, पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे घालावे, ओले कपडे लगेच बदलावे, साबणाने हात धुवावे. गरोदर बायांना आणि मुलांना या कामात घालू नये. वखारीत काम करणाऱ्या भगिनींनी नाकातोंडाला फडके बांधावे. हेच निकोटिन पूर्वी निकोटिन सल्फेटच्या रूपाने किडी मारण्यासाठी फवारले जाई. आज आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी आहे. जे किडीला मारते ते तळहातावर मळून तोंडात ठेवायचे, यावर तंबाखू खाणाऱ्यांनी विचार करावा. त्यात चुना कशासाठी मळतात? चुन्याची आम्लारी निकोटिनला मोकळे करते आणि ते हिरडीतून झटकन रक्तात जाते. सवय सुटत नाही तिचे एक मोठे कारण हेच रसायन आहे. मनाचा निर्धार हवाच, पण डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

फवारणीचे सांगायचे तर, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात पडली. ती आपल्यासारखीच शेतकरी व मजूर माणसे होती. तेव्हा बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे नव्हे. लेबलावर सांगितल्याखेरीज दोन औषधे एका पंपात घालू नका. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. नोझल तोंडाने फुंकू नका. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत कधी ओतून ठेवू नका. पोर ते सरबत समजून पिते. विषबाधा झालीच तर माणसाला मोकळ्या हवेत आणा, कपडे काढून साबणाने भरपूर धुवा, आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा. मनाने उलटी करवू नका, दूध-लिंबू पाजण्यात वेळ घालवू नका. कोणते रसायन पोटात गेले हे कळले तरच डॉक्टर योग्य उतारा देऊ शकतात. तेथेही पहिला प्रश्न 'काय' हाच असतो.

६. लक्षात ठेवण्यासाठी

पोते, बाटली किंवा पुडी हातात आली की तीन गोष्टी विचाराव्या. काय? लेबल वाचा किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. किती? मोजा, अंदाजाने ओतू नका. कशाबरोबर? खात्री नसेल तर मिसळू नका.

घरचा अभ्यास असा : या आठवड्यात हळद, चुना आणि लिंबाचा प्रयोग मुलांसमवेत करा. तुळईला खोचलेली माती परीक्षणाची पत्रिका काढून वर दिलेले शब्द लावून वाचा. पत्रिका नसेल तर उन्हाळ्यात, खत टाकण्यापूर्वी, शेताच्या आठ-दहा जागांची माती एकत्र करून जवळच्या रयत संपर्क केंद्रात द्या. मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रातून किंवा धारवाड कृषी विद्यापीठाच्या निपाणी येथील संशोधन केंद्रातूनही सल्ला घेता येईल. ज्यांना पत्रिका लागत नाही त्यांनी ती रविवारी मिस्सेनंतर घेऊन यावी. आपण ती मिळून वाचू.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रातून सृष्टीची काळजी घेणे हे श्रद्धेचेच काम असल्याचे शिकवले. आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या बाबतीत ते काम बांधावरच सुरू होते. परमेश्वराने माती दिली आणि ती समजून घेण्याची बुद्धीही दिली. राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी लागणाऱ्या राखेतही झाडाने मातीतून घेतलेले पालाश असते. जे मातीतून आले ते मातीला परत द्यायचे आहे. ते विष करून द्यायचे की अन्न करून, एवढेच आपल्या हाती आहे.